सोडायचा होता, तर धरला कशाला?

अब्बांनी दोन वर्षांपूर्वी होडी विकली. गुडघे थकले, डिझेल परवडेना आणि खाडीत पूर्वीसारखी मासळी राहिली नाही, अशी तीन कारणे त्यांनी सांगितली. चौथे कारण आम्हा भावंडांना ठाऊक होते. अम्मीच्या इंतकालनंतर आणलेली मासळी निवडायला, कोणत्या घरी किती पाठवायची ते ठरवायला कोणी उरले नव्हते. होडी गेल्यापासून अब्बा रोज असरनंतर दाभोळच्या धक्क्यावर जाऊन बसतात, पण गरी काही हातात घेत नाहीत.

मी गेली सात वर्षे आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात नर्स आहे. यंदा अब्बांना महिनाभर इकडे आणायचे असे मी आणि माझ्या पतीने ठरवले. फोनवर अब्बांचा एकच प्रश्न होता, "तिथे येऊन मी करू काय? तुम्ही दोघं कामावर जाणार आणि मी खिडकीतून पाऊस बघणार."

मी म्हटले, "अब्बा, आपण गरवायला जाऊ. इथला समुद्र बघा तरी."

मी त्यांना इकडच्या किनाऱ्यावरचा एक व्हिडिओ पाठवला. एक माणूस कमरेएवढ्या लाटांत उभा राहून बास नावाचा मासा ओढतो आहे. चंदेरी अंग, पाठीवर काट्यांचा पंखा, मोठे तोंड. अब्बांचा लगेच फोन आला. "हा तर आपल्या जिताड्याचा भाऊ दिसतो!" कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज असा खुललेला ऐकला. पण त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला नव्हता. शेवटी त्या माणसाने माशाचे माप घेतले, फोटो काढला आणि त्याला परत पाण्यात सोडले. दुसऱ्या दिवशी अब्बा म्हणाले, "बेटी, सोडायचा होता, तर धरला कशाला? मुक्या जिवाच्या तोंडात लोखंड घालून खेळ करायचा? तसल्या कामाला मी येणार नाही."

आमच्या सहलीची सगळी आखणी या एका प्रश्नाभोवती झाली. कोकणातल्या अनेक घरांची मुले आज आखातात, इंग्लंडमध्ये, आयर्लंडमध्ये आहेत. आईवडिलांना एकदा तरी बोलवावे असे प्रत्येकाला वाटते. कुणाला उपयोग होईल म्हणून हा तपशील लिहिते आहे.

दोन मासे, दोन स्वभाव

आयर्लंडच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्यावर हौशी लोक दोन माशांसाठी खास येतात. एक बास आणि दुसरा सी-ट्राउट, म्हणजे समुद्रात जाऊन येणारा ट्राउट.

बास अगदी किनाऱ्याजवळ येतो. लाट फुटते तिथे वाळू ढवळली जाते, त्यातून खेकडे, किडे, लहान मासे वर येतात आणि बास त्यांच्यावर तुटून पडतो. जिताड्यासारखा तोही खाडीच्या तोंडाशी, गोड्या-खाऱ्या पाण्यात वावरतो. दोघे एका कुळातले नाहीत, पण वागणे सारखे. दोघांच्या गालफडाची कडाही तशीच धारदार, हात कापणारी. फरक आहे तो वाढीचा. आपला जिताडा उबदार पाण्यात दोन-तीन वर्षांत दोन किलोच्या घरात जातो. इथल्या थंड पाण्यात बासला ४२ सेंटिमीटर व्हायलाच पाच-सहा वर्षे किंवा त्याहून जास्त लागतात. चार-पाच किलोचा बास पंधरा-वीस वर्षांचा असू शकतो. म्हणजे असा एक मासा काढला, तर एका जवान पोराएवढे वय पाण्यातून काढले.

सी-ट्राउटची गोष्ट वेगळी. नदीत राहणारा तपकिरी ठिपक्यांचा ट्राउट आणि हा, दोघे एकाच जातीचे. एकाच नदीत जन्मलेल्या भावंडांपैकी काही जन्मभर नदीतच राहतात आणि काही समुद्राकडे निघतात. जाणाऱ्यांत माद्या जास्त. समुद्रात भरपूर खाऊन, चांदीसारखे होऊन ते अंडी घालायला आपल्या नदीत परततात. आपल्याकडचा पाला मासा असाच समुद्रातून नदीत चढतो. इथले जुने लोक सी-ट्राउटला 'पांढरा ट्राउट' म्हणतात. अंडी घातली की हा मासा मरतोच असे नाही. वाचला तर पुन्हा समुद्रात जातो आणि पुढच्या वर्षी परत येतो.

हे सांगितल्यावर अब्बा म्हणाले, "म्हणजे परदेशी कमवायला गेलेली पोरं. काही येतात, काही येत नाहीत." मी विषय बदलला.

केव्हा जावे?

बाससाठी मे ते ऑक्टोबर चांगला, त्यातही सुरुवात आणि शेवट. सी-ट्राउट नद्यांत चढतात ते मुख्यतः जून-जुलैपासून, आणि त्यांचा मोसम बहुतेक ठिकाणी सप्टेंबरअखेर संपतो. दोन्ही साधायचे तर जूनचा शेवट नाहीतर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा.

माझ्या पतीचे मत जूनचे होते, कारण दिवस मोठा. इथे जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे पाचच्या सुमारास उगवतो. मधल्या वेळातही आकाश पूर्ण काळे होत नाही, रात्रभर क्षितिजावर उजेडाची कड राहते. अशा दिवसांत इशा आणि फजरच्या वेळा इथल्या मशिदी वेळापत्रक काढून ठरवून देतात. आम्हा तरुणांना त्याची सवय झाली आहे. पण अब्बांना मगरिबनंतर जेवून इशा पढून झोपायची चाळीस वर्षांची सवय. सत्तरीच्या माणसाला मध्यरात्रीपर्यंत जागवून वर पहाटेच्या भरतीला उठवणे म्हणजे जुलूम. सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्य आठनंतर मावळतो, सकाळी सातच्या सुमारास उगवतो. फजर पढून किनाऱ्यावर जाता येते आणि मगरिबला परतता येते. बास खायला बाहेर पडतो तो नेमका पहाटे आणि सांजेला. म्हणून सप्टेंबर ठरला.

मग भरतीचा प्रश्न आला. इथे भरतीचे छापील तक्ते मिळतात, मोबाइलवरही दिसतात. मी ते अब्बांना वाचून दाखवू लागले, तर ते म्हणाले, "तिथे चाँद दुसरा आहे का?"

"तोच आहे."

"मग हिजरी तारीख सांग."

खरेच, आपल्या घरातल्या कॅलेंडरवर अर्धा तक्ता असतोच. हिजरी महिन्याच्या १ ते ४ आणि १५ ते १८ या तारखांच्या आसपास उधाणाची भरती, आणि ८ व २२ च्या सुमारास भांगाचे पाणी, म्हणजे कमी चढ-उतार. केरीच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती साधारण पहाटे आणि संध्याकाळी पूर्ण होते आणि भर दुपारी ओहोटी लागते. दुपारी उघड्या वाळूवर जाऊन जमीन पाहून ठेवायची, कुठे खळगा आहे, कुठे वाळूचा बांध आहे ते लक्षात घ्यायचे आणि पाणी चढू लागले की तिथेच गळ टाकायचा. अब्बा खाडीत हेच करत आले. तारखा त्यांनीच नक्की केल्या.

कायदा आधी, गळ नंतर

आपल्याकडे खाडीवर कोणीही जाऊन पाग टाकतो. इथे तसे चालत नाही.

समुद्रकिनाऱ्यावरून गळाने बास धरायला परवाना लागत नाही. पण ४२ सेंटिमीटरपेक्षा लहान मासा ठेवता येत नाही. दिवसाला किती ठेवायचे त्याची मर्यादा असते. अलीकडच्या वर्षांत ती दोन माशांची राहिली आहे, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एकही ठेवता येत नाही. धरलेला बास विकणे गुन्हा आहे. हे आकडे दरवर्षी नव्याने ठरतात, म्हणून निघण्यापूर्वी 'इनलँड फिशरीज आयर्लंड' या सरकारी संस्थेची त्या वर्षाची माहिती वाचावी.

सी-ट्राउटसाठी नियम जास्त कडक. ४० सेंटिमीटरच्या वरच्या माशाला सॅल्मनइतकाच जपतात. सरकारी परवाना घ्यावा लागतो. तो एका दिवसाचा, २१ दिवसांचा किंवा वर्षाचा मिळतो. ठेवलेल्या माशाला खूणपट्टी लावायची आणि नोंदवहीत लिहायचे. शिवाय बहुतेक नद्या-तळी कुणाच्या तरी मालकीची, नाहीतर क्लबच्या ताब्यात असतात. त्यांची वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे.

"नदीला मालक?" अब्बांना हे काही पटेना. पण कायदा एवढा कडक का, ते सांगितल्यावर ते गप्प झाले.

बास इथे एके काळी जाळ्यांनी इतका उपसला गेला की १९९० मध्ये आयर्लंडने आपल्या मच्छीमारांना बासची व्यापारी मासेमारी बंद केली. ती बंदी आजही आहे. इथल्या दुकानात मिळणारा बास बहुतेक भूमध्य समुद्राकडच्या देशांतल्या पिंजऱ्यांत वाढवलेला असतो. सी-ट्राउटवर संकट आले ते १९८९ मध्ये. पश्चिमेकडच्या कॉनेमारा आणि मेयो भागात, जिथे हंगामात हजारोंनी मासे मिळत, तिथे एकाएकी शेकड्यांवर आले. जे परतले ते रोडावलेले, अंगभर समुद्री उवा लागलेले. त्याच काळात तिथल्या खाड्यांत सॅल्मन पाळण्याचे पिंजरे वाढले होते. या उवांचा उपद्रव तिथून वाढला, असे अनेक संशोधकांनी दाखवले. पिंजरेवाल्यांनी ते पूर्ण मान्य केले नाही आणि वाद वर्षानुवर्षे चालला. तोवर ज्या कुटुंबांची गुजराण पाहुण्यांना होडीतून फिरवण्यावर होती, त्यांचे पोट गेले. त्या भागातल्या अनेक पाण्यांत आजही धरलेला सी-ट्राउट सोडूनच द्यावा लागतो.

अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्याकडे २०१७ पासून एलईडीच्या मासेमारीला बंदी आहे. रात्री धक्क्यावर बसून बघ, समुद्रात शहर वसल्यासारखे दिवे दिसतात. तिथे निदान बंदी म्हणजे बंदी आहे."

कुठे जावे?

आम्ही केरी जिल्हा निवडला. कॉर्कहून गाडीने सुमारे दोन तासांवर डिंगल द्वीपकल्पात इंच नावाचा किनारा आहे. नाव इंच, पण लांबी पाच किलोमीटरच्या आसपास! डोंगराच्या पायथ्यापासून समुद्रात घुसलेली ही वाळूची जीभ. पश्चिमेला थेट अटलांटिक, मागे वाळूच्या टेकड्या. लांबून येणाऱ्या लाटा एकामागे एक समांतर फुटतात. बाससाठी हा किनारा जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे.

दुसरा मुक्काम वॉटरव्हिल गावी, तिथून दक्षिणेला. या गावाच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला लॉख करान हे मोठे तळे. दोघांना जोडणारी नदी इतकी आखूड की पायी चालून संपवता येते. एवढ्याशा वाटेने सी-ट्राउट समुद्रातून तळ्यात चढतात. आयर्लंडमधले मोठमोठे सी-ट्राउट याच तळ्यात मिळाले आहेत, मात्र अलीकडे तिथेही ते कमी झाले आहेत. तळ्यात होडी आणि तळ्याची नस न् नस माहीत असलेला स्थानिक नावाडी मिळतो. वाऱ्याबरोबर होडी वाहू द्यायची आणि पिसांपासून बनवलेली खोटी माशी पाण्यावर नाचवायची, अशी ही पद्धत. चार्ली चॅप्लिन कुटुंबासह याच गावी सुटीला येत असे. त्याचा पुतळा रस्त्याकडेला आहे.

एक इशारा द्यायला हवा. हा समुद्र आपल्या ओळखीचा नाही. पाणी सप्टेंबरातही इतके थंड की पडणाऱ्याचा श्वास अडकतो. लहान लाटांमागून अचानक एक मोठी येते, विशेषतः खडकांवर. छातीपर्यंतची रबरी विजार घालून उतरलात, तरी गुडघ्याच्या फार वर जाऊ नका. फुगणारे जीवरक्षक जाकीट घाला, एकट्याने जाऊ नका आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक लक्षात ठेवा. फोन लागला की कोस्ट गार्ड मागायचे. अब्बांनी जाकिटाला नाक मुरडले. मी म्हटले, "जाकीट नाही तर सहल नाही." बऱ्याच वर्षांनी त्यांनी माझे मुकाट ऐकले.

व्हिसा, स्वयंपाक, नमाज

आयर्लंड शेंगेन गटात नाही. युरोपचा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, वेगळा काढावा लागतो. निमंत्रणपत्र, राहण्याची सोय, बँकेचे कागद आणि परतण्याचे कारण, हे सगळे नीट जोडून दोन-तीन महिने आधी अर्ज करावा. मुंबईहून येताना दुबई, अबुधाबी किंवा दोहा इथे विमान बदलता येते. ज्येष्ठांसाठी विमानतळावर चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवावी. सामानात मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, तेव्हा खवा, तूप, मिठाईचा मोह टाळावा. मसाला आणि आमसुले मात्र अब्बा आणणार आहेत.

राहायला आम्ही हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले छोटे घर घेतले. इथल्या घरगुती अतिथिगृहांत न्याहारी भरपेट असते, पण ताटात डुकराचे मांस आणि रक्ताचे सॉसेज हमखास येते. आधी सांगितले तर अंडी, ब्रेड आणि लोणी वेगळे देतात. हलाल गोश्त कॉर्कहून बर्फात घालून नेऊ. मासळीची फिकीर नाही, कारण बास नाही मिळाला तरी उन्हाळ्याच्या शेवटापर्यंत बांगड्याचा इथला भाऊ मॅकरल मिळतो.

किब्ला मी आधीच बघून ठेवला. अब्बांना सांगितले, "इथे किब्ला पूर्वेकडे, जरासा दक्षिणेला कलता."

ते हसले. दाभोळला नमाजला उभे राहिले की तोंड पश्चिमेला, समुद्राकडे. जन्मभर समुद्र समोर ठेवून नमाज पढलेला माणूस. इंचच्या वाळूवर उभे राहिले की समुद्र पाठीशी राहील आणि समोर डोंगर येतील.

अब्बांचा निकाल

सगळी यादी तयार झाली. पण मूळ प्रश्न उरलाच होता. मी अब्बांना विचारले, "तुम्ही स्वतः कधीच मासा सोडला नाही?"

"सोडला की. लहान जिताडा पागात आला तर तुझे दादा मला त्याला परत टाकायला लावायचे. म्हणायचे, याला अजून घर बघायचं आहे."

"मग ४२ सेंटिमीटरची पट्टी वेगळी काय आहे?"

"ते वेगळे नाही," अब्बा म्हणाले. "चुकून आलेल्याला परत पाठवणे एक, आणि सोडायचाच म्हणून धरणे दुसरे. माझं भांडण दुसऱ्याशी आहे."

मी सांगितले की जे सोडून देतात त्यातल्या अनेकांना माशाची खरी काळजी असते. ते गळाचा उलटा काटा चेपून ठेवतात, ओल्या हाताने मासा धरतात, पाण्याबाहेर फार वेळ ठेवत नाहीत. त्यांनीच आवाज उठवला म्हणून कायदे झाले. अब्बांनी ते ऐकून घेतले. "ते चांगले लोक असतील. पण माझ्याच्याने ते होणार नाही." मीही आग्रह धरला नाही. दोन्ही बाजूंना विचार आहे, आणि ज्याने-त्याने आपल्या दिलाला विचारून ठरवावे, असे मला वाटते.

मग त्यांनी माझ्या यादीत दुरुस्त्या सांगितल्या. वॉटरव्हिलला सी-ट्राउटचा परवाना घ्यायचा नाही. होडी आणि नावाडी मात्र घ्यायचा. "तो गरवेल तर गरवू दे, नाहीतर नुसती होडी चालवू दे. मला तळे बघायचे आहे, आणि त्याच्याशी बोलायचे आहे. त्याचे मासे गेले तेव्हा त्याने काय केले, ते विचारायचे आहे." इंग्रजी मी सांगेन असे ठरले.

इंचला तीन संध्याकाळी गळ टाकायचा. मापात न बसणारा परत पाण्यात. मापात बसणारा पहिला मासा ठेवायचा आणि त्या दिवशी गळ गुंडाळायचा. कायदा दुसऱ्याची मुभा देत असला तरीही. पहिल्याच तासात मिळाला, तर उरलेली संध्याकाळ नुसते बसायचे.

"आणि तीन दिवस काहीच मिळाले नाही तर?" मी विचारले.

"तर मॅकरल खाऊ. रिझ्क कुणाच्या हातात आहे?"

फोन ठेवता ठेवता त्यांना काहीतरी आठवले. "तुमच्या शेजारी कोण राहतं?"

मी सांगितले, खालच्या मजल्यावर एक आयरिश आजी राहतात. एकट्याच. नवरा गेल्याला तीन वर्षे झाली. ईदला आम्ही त्यांना शीरखुर्मा देतो, ख्रिसमसला त्या आम्हाला केक देतात.

"त्या मासा खातात का?"

"खात असतील. विचारते."

"विचार. आणि तुकडा कसा पाहिजे तेही विचार, डोक्याकडचा की शेपटीकडचा. तुझी अम्मी विचारल्याशिवाय पाठवायची नाही."

व्हिसाचा अर्ज गेला आहे. स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर मी यादी चिकटवली आहे. भरतीच्या तारखा, घराचा पत्ता, जाकिटांची मापे, ११२. आज सकाळी त्याखाली आणखी एक ओळ लिहिली, "खालच्या आजी, मधला तुकडा, काटा काढून." अब्बा सप्टेंबरमध्ये येतील, इन्शाअल्लाह.